४८ हा आकडा कुठून आला?

पत्र

मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्राची नावनोंदणी गेल्या आठवड्यात झाली. मला संख्याशास्त्राचा एक कोर्स हवा होता, त्याला जोडून कॉम्प्युटर लॅब आहे. हा कोर्स झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेता येत नाही. मर्यादा ४८ जणांची. माझा स्लॉट, म्हणजे नावनोंदणीसाठी ठरवून दिलेली वेळ, दुसऱ्या दिवशी दुपारी होता. पोर्टल उघडलं तेव्हा ३ जागा दिसत होत्या, क्लिक करेपर्यंत शून्य! आता वेटिंगला चौदावी आहे. त्या घाबरगुंडीत मी आणखी दोन कोर्स ‘असू देत’ म्हणून घेऊन ठेवले. एकूण सहा झाले, म्हणजे २४ क्रेडिट, आणि आमची कमाल मर्यादाही तेवढीच आहे.

माझ्या मैत्रिणीला हा कोर्स मिळालाय, पण तिला तो तसा लागत नाही. ती म्हणते, ‘रात्री बाराला मी सोडते, तू लगेच घे.’ करू का असं? शिकवणाऱ्या सरांना मेल टाकू का, की ते चिडतील? मी त्यांचा वर्ग बघून आले, मागचे दोन बाक रिकामे असतात. ‘मी तिथे बसते’ म्हटलं तर काय बिघडतं? ४८च का? आणि जो आधी क्लिक करेल त्याची जागा, हा कुठला न्याय?

— वेटिंग १४

उत्तर

प्रिय वेटिंग १४,

आधी पोर्टल उघड आणि त्या दोन ‘असू देत’ कोर्सांपैकी निदान एक सोडून दे. मग परत येऊन पुढचं वाच. मी थांबते.

सोडलास? आता कारण सांगते. वेटिंगवरचं नाव वर सरकवायला बहुतेक विद्यापीठांत कुणी माणूस बसलेला नसतो. ठरावीक वेळी एक प्रोग्रॅम चालतो. जागा रिकामी दिसली की तो यादीतलं पहिलं नाव उचलतो आणि त्या विद्यार्थ्याला कोर्समध्ये घालायचा प्रयत्न करतो. प्रयत्न म्हणते, कारण घालण्याआधी तो सगळे नियम पुन्हा तपासतो: क्रेडिटची मर्यादा ओलांडली जात नाही ना, वेळ दुसऱ्या कोर्सशी आपटत नाही ना, काही थकबाकी नाही ना. तुझी २४ क्रेडिट आधीच भरलेली आहेत. समजा उद्या पहाटे तुझा नंबर लागला. प्रोग्रॅम हिशोब करणार, २४ अधिक ४ म्हणजे २८, मर्यादा २४. पुढचं नाव! तुला साधा मेसेजही येईल याची खात्री नाही. सकाळी उठून बघशील तर तू तिथेच, आणि तुझ्या मागची पंधरावी आत. अनेक प्रणाली अशाच चालतात. म्हणजे भीतीपोटी घेऊन ठेवलेल्या कोर्सांनी तू स्वतःचीच वाट अडवली होतीस.

एक सोडलास की क्रेडिटचा प्रश्न मिटतो. पण दुसऱ्याची वेळ या कोर्सच्या लॅबवर येते का तेही बघ. येत असेल तर तोही सोड, कारण वेळ आपटली तरी परिणाम तोच. काही पोर्टलवर ‘नंबर लागला तर अमुक कोर्स काढून हा दे’ अशी अदलाबदलीची सोय असते. ती असेल तर वापर, म्हणजे हातचं न सोडता पळत्याच्या पाठी लागता येतं.

आणि थोडं बोलूनही घेते. ज्या दोन कोर्समध्ये तू रुमाल टाकून ठेवलायस, तिथेही कुणीतरी वेटिंगला आहे. तीही अशीच पत्रं लिहीत असेल.

आता मैत्रिणीचा बारा वाजताचा बेत. मनाने चांगली आहे पोरगी, पण तिला यातलं गणित माहीत नाही. ज्या कोर्सला वेटिंग लिस्ट आहे, तिथे सुटलेली जागा मोकळ्यावर पडत नाही, ती यादीकडे जाते. तिने बाराला सोडली तर ती वेटिंग १ला मिळेल, तुला नाही. तू चौदाची तेरा होशील, एवढाच फायदा. काही ठिकाणी तर आणखी एक गंमत असते. जागा सुटल्यावर पोर्टलवर काही वेळ ‘१ जागा उपलब्ध’ असं दिसतं, पण क्लिक केलं की ‘ही जागा राखीव आहे’ म्हणून परत पाठवतात, कारण ती वेटिंगवाल्यासाठी धरून ठेवलेली असते. तुला दिसलेल्या त्या ३ जागाही तुझ्यासाठी नव्हत्याच, असं असू शकतं. एखाद्या विभागाच्या मुलांसाठी किंवा शेवटच्या वर्षासाठी बाजूला ठेवलेल्या जागा एकूण आकड्यात दिसतात, पण इतरांना घेता येत नाहीत. अशा जागांना बहुधा एक तारीख असते. तोवर भरल्या नाहीत तर त्या सगळ्यांना खुल्या होतात. ती तारीख विभागाच्या ऑफिसात विचार. मुलं हा प्रश्न विचारतच नाहीत.

जिथे वेटिंग लिस्टच नसते तिथे बारा वाजताची देवाणघेवाण चालून जाते, तेही नशीब असेल तर. ती सोडणार, तू घेणार, या दोन क्लिकांच्या मध्ये काही सेकंद असतात, आणि त्या सेकंदांवर टपून बसलेले बरेच असतात. जागा सुटली रे सुटली की फोन वाजवणारे प्रोग्रॅम मुलं स्वतः लिहितात. दोघींनी दोन लॅपटॉप मांडीवर घेऊन एक-दोन-तीन म्हणायचं आणि जागा तिसराच घेऊन जायचा, हे मी ऐकलेलं आहे. काही विद्यापीठांत दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवणं नियमाविरुद्धही असतं. तेव्हा मैत्रिणीला सांग, तुला कोर्स नको असेल तर आजच सोड, बारा वाजायची वाट कशाला? यादी तेवढी हलेल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ४८च का?

मी बरीच वर्षं एका विभागात वेळापत्रक लावायचं काम केलं. भिंतीएवढा तक्ता, त्यात खोल्या आडव्या आणि तास उभे. प्रत्येक कोर्सपुढे एक मर्यादा लिहायची असायची, आणि मुलांना वाटायचं की तो आकडा आम्ही आढ्याकडे बघून लिहितो. तसं नसतं. मर्यादेचा आकडा नीट पाहिला तर तो कुठून आला हे बहुतेक वेळा कळतं.

बघ ना. खोलीच्या खुर्च्यांवरून आलेला आकडा बेढब असतो: ६२, ११७, असं काहीतरी. ज्याने कुणी खुर्च्या मोजल्या त्याला निघाले तेवढे. चर्चेच्या वर्गाचा आकडा लहान आणि गोल असतो, १२ किंवा १५. त्याहून जास्त माणसं झाली की चर्चा संपते आणि भाषण सुरू होतं, असं शिकवणाऱ्याचं मत असतं, आणि ते बरोबर असतं. निबंध तपासायचे असतील तर आकडा शिक्षकाच्या रविवारांवरून ठरतो. आणि ४८? ४८ म्हणजे २४ दुणे ४८. तुझ्या कोर्सला कॉम्प्युटर लॅब आहे. लॅबमध्ये २४ मशिनं असणार आणि लॅबच्या दोन बॅच असणार. मी पैज लावत नाही, पण तू जाऊन मोज. (आमच्याकडे एका लॅबची मर्यादा बरीच वर्षं २३ होती. एक मशीन कधीचंच बंद पडलं होतं. ते दुरुस्त झालं, तरी आकडा २३च राहिला, कारण तो बदलायचा फॉर्म कुणी भरला नाही. एका मुलीने येऊन विचारलं, ‘२३ का?’ तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. त्या सत्रापासून दर बॅचला एकेक जागा वाढली.)

आता कळलं ना, मागचे दोन बाक रिकामे असून उपयोग का नाही ते? तुझी अडचण बाकाची नाहीच. तू सरांना ‘मी मागे बसते, जमिनीवरही बसेन’ असं लिहिलंस तर त्यांना तुझी तळमळ दिसेल, पण मशीन कुठून आणायचं हा प्रश्न तसाच राहील. खुर्चीची मर्यादा असेल तर मोठी खोली मागायची. मशिनची असेल तर तिसरी बॅच मागायची. तपासणीची असेल तर टीए, म्हणजे शिक्षकाच्या हाताखालचा सहायक, मागायचा. आणि मर्यादा जर चर्चेसाठी असेल तर काही मागायचं नाही, पुढच्या सत्राची वाट बघायची, कारण तिथे एकेक माणूस वाढला की कोर्सच बदलतो.

२०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका लॉरी सँटोस यांनी ‘मानसशास्त्र आणि चांगलं जगणं’ अशा विषयावर एक कोर्स सुरू केला. सुमारे १२०० मुलांनी नाव घातलं, म्हणजे तिथल्या पदवीच्या मुलांच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाने. खुर्च्यांचं काय केलं? जिथे एरवी संगीताच्या मैफली होतात त्या वूल्झी हॉलमध्ये वर्ग भरवला. खुर्च्यांचा प्रश्न सुटला. पण १२०० जणांचे पेपर तपासायचे, शंका सोडवायच्या, त्याला माणसं लागतात. एवढे सहायक मानसशास्त्र विभागाकडे नव्हते, ते इतर विभागांतून गोळा करावे लागले. मोठा हॉल मिळतो, टीए मिळत नाहीत, हे कुठल्याही विभागाचं रडगाणं आहे.

तर तुझं काम काय? जरा चालावं लागेल. लॅबच्या दारावर आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. त्याचा फोटो काढ. लॅब कुठल्या तासांना रिकामी असते ते बघ. मग वेटिंगवरचे बाकीचे शोध. नावं पोर्टलवर दिसत नाहीत, पण वर्गाच्या ग्रुपवर ‘कोण कोण वेटिंगला आहे’ एवढं विचारलंस की निम्मे तरी हात वर करतील. त्यांना दोन गोष्टी विचार: कुठला तास मोकळा आहे आणि हा कोर्स कशासाठी लागतो. ‘आवडतो म्हणून’ वाले वेगळे काढ, ‘याच्याशिवाय प्रोजेक्ट अडतो’ वाले वेगळे. समजा तुझ्या यादीत दहा जण निघाले, त्यातले सात अडलेले, आणि दहाही जण गुरुवारी शेवटच्या तासाला मोकळे, आणि त्या तासाला लॅब रिकामी. हे एका पानावर लिहून विभागात दे.

वेळापत्रक लावणारीच्या बाजूने सांगते. ‘आम्हाला घ्या’ म्हणणारी मुलं रोज यायची, आणि मी ‘बघू’ म्हणायची. ‘बघू’ म्हणजे नाही. पण कुणी मोकळा तास, मोकळी खोली आणि माणसांची संख्या एकत्र आणून समोर ठेवली की माझं निम्मं काम झालेलं असायचं. मग एकच गोष्ट उरायची: त्या तासाला लॅब कोण घेणार? ती विभागप्रमुखांकडे नेता यायची. वेटिंग लिस्टचा आकडा हाच त्यांच्यापुढचा पुरावा. दोन-तीन जण वेटिंगला असतील तर नवी बॅच कुणी काढत नाही. चौदा असतील तर ती निम्म्याहून जास्त भरलेली बॅचच आहे. तू चौदावी आहेस याचं तुला वाईट वाटतंय. पण तिसऱ्या बॅचसाठी चौदावा माणूस असणं ही चांगली बातमी आहे.

हे दरवेळी होतं असं नाही. शिकवायला माणूस नसेल तर नाही होत. पण मागितल्याशिवाय तर नक्कीच होत नाही.

आता सरांना मेल. टाक, चिडणार नाहीत. चिडतात ते ‘मॅडम/सर प्लीज प्लीज मला घ्या’ अशा चार ओळींच्या खाली ना नाव, ना नंबर, ना कोर्सचा कोड असं पत्र आलं की. सत्राच्या सुरुवातीला त्यांना असे मेल ढिगाने येतात. तुझा मेल साधारण असा असावा:

‘आदरणीय सर, मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी (नाव, नोंदणी क्रमांक). तुमच्या संख्याशास्त्राच्या कोर्सच्या (कोड) वेटिंग लिस्टवर मी १४ व्या क्रमांकावर आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा कोर्स अनिवार्य आहे. त्यासाठी लागणारे आधीचे दोन्ही कोर्स मी पूर्ण केले आहेत. लॅबची कुठलीही बॅच मला चालेल. यादीचा निर्णय होईपर्यंत पहिल्या आठवड्यापासून तुमच्या तासाला बसण्याची परवानगी द्याल का?’

बास. आईला बरं नाही, मला रडू येतं, हे त्यात नको. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यात तू जागा मागत नाहीयेस, बसू देण्याची परवानगी मागतेयस. ती देणं सरांना सोपं जातं. तिचा फायदा मोठा असतो. तुला तिसऱ्या आठवड्यात जागा मिळाली आणि तोवरचे सहा तास, एक असाइनमेंट आणि एक चाचणी बुडालेली असली, तर मिळालेली जागाही डोक्याला ताप होते. त्यामुळे जागा मिळाली आहे असंच समजून बस, वही घाल, असाइनमेंट दे. पहिल्याच तासाला न येणाऱ्यांची नावं काही शिक्षक काढून टाकतात, तसा नियमच असतो काही ठिकाणी. त्या तासाला तू समोर दिसलीस तर बरंच.

‘लॅबची कुठलीही बॅच चालेल’ हेही मुद्दाम घातलंय. बऱ्याचदा लेक्चरला जागा असते आणि लॅबची लोकप्रिय बॅच भरलेली असते. दुपारच्या बॅचला झुंबड आणि सकाळी आठच्या बॅचला पाच खुर्च्या रिकाम्या. लेक्चर आणि लॅब एकत्रच घ्यावे लागतात, म्हणून पोर्टल सगळा कोर्सच ‘भरला’ असं दाखवतं. तू दुपारच्या बॅचच्या वेटिंगला असशील आणि सकाळच्या बॅचचा कोड वेगळा असेल, तर तो टाकून बघ. काखेत कळसा असायचा.

तसंच आणखी एक. एकच कोर्स दोन विभागांच्या नावाने दोन कोडखाली लावलेला असतो. संख्याशास्त्रात एक कोड, अर्थशास्त्रात दुसरा. खोली तीच, सर तेच, पण जागा मात्र वेगवेगळ्या मोजलेल्या. एक कोड भरतो आणि दुसऱ्यात चार जागा पडून राहतात. दुसऱ्या कोडने केला तर प्रोजेक्टसाठी चालेल का, एवढं ॲडव्हायझरला विचारून ठेव. त्यांचं उत्तर तोंडी घेऊ नकोस, मेलवर घे.

सरांनी ‘हो’ म्हटलं तर ते एखादा परवानगीचा कोड देतील किंवा ऑफिसला कळवतील. कोड मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे. तो पोर्टलवर टाकावा लागतो आणि त्याला मुदत असते. ‘सरांनी घेतलंय मला’ या आनंदात आठवडा घालवणारे आणि मग मुदत संपली म्हणून रडत येणारे दर सत्राला दोघे-तिघे तरी असायचेच.

यादी हलते कधी, हे विचारायला तू विसरलीस, पण तुला ते हवं असणार. नावनोंदणी संपल्यावर काही दिवस काहीच हलत नाही, आणि मुलं तेव्हाच धीर सोडतात. पहिली मोठी हालचाल फी भरायच्या तारखेनंतर होते. ज्यांनी फी भरली नाही त्यांची नावं अनेक ठिकाणी एका झटक्यात उडतात आणि जागा ढिगाने मोकळ्या होतात. (तुझी फी, ग्रंथालयाचा दंड, जे काही असेल ते आधीच भरून टाक. थकबाकीमुळे नंबर लागूनही जागा गेलेली मी पाहिलीय.) दुसरी हालचाल वर्ग सुरू झाल्यावरचा पहिला आठवडा. अभ्यासक्रमाची यादी हातात पडते, त्यात दर आठवड्याला असाइनमेंट आहे हे कळतं, आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेले कोर्स गळू लागतात. तिसरी, कोर्स बदलायच्या शेवटच्या दिवसाची रात्र. त्यानंतर बहुतेक ठिकाणी यादी बंदच होते. आणि त्या दिवसानंतर कोर्स सोडला तर तो गुणपत्रिकेवर ‘सोडला’ म्हणून दिसत राहतो, हे तुझ्या उरलेल्या ‘असू दे’ कोर्सबद्दलही लक्षात ठेव.

मात्र क्रेडिटचा तळही बघून ठेव. वेटिंगवरचा कोर्स तुझ्या क्रेडिटमध्ये धरलेला नसतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, परदेशात शिकत असशील तर व्हिसा, या सगळ्यांना किमान क्रेडिट लागतात. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर पदवी शिकणाऱ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, ‘मी वेटिंगला होते’ हे तिथे चालत नाही. तू दोन्ही जादा कोर्स सोडलेस तरी १६ राहतात, तेवढी पुरतात का ते आपल्या नियमपुस्तिकेत पाहून घे.

आणि समजा काहीच झालं नाही? तिसरी बॅच नाही, दुसरा कोड नाही, यादीत तू नववी होऊन थांबलीस? तर प्रोजेक्टच्या बाजूने प्रयत्न कर. पूर्वअट म्हणजे प्रत्येक वेळी काळ्या दगडावरची रेघ नसते. कधी तो कोर्स प्रोजेक्टच्या सोबतीने करायची परवानगी मिळते, कधी दुसऱ्या विभागातला तसाच कोर्स धरला जातो, कधी मधल्या सुट्टीच्या सत्रात तो करता येतो. यासाठी अर्ज लागतो, आणि अर्जाला जोडायला पुरावा: तू किती तारखेला वेटिंगला लागलीस, कितवी होतीस, सरांना मेल केव्हा केलास. म्हणून आजच वेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव, तारीख-वेळ दिसेल असा. ‘मी प्रयत्न केला, कोर्सच मिळाला नाही’ हे सिद्ध करता आलं तर समितीही जरा मऊ होते. विद्यापीठाला तुला विनाकारण एक वर्ष जास्त ठेवून घ्यायची हौस नसते.

न्यायाचं राहिलं. तू विचारतेस, आधी क्लिक करेल त्याला जागा, हा कुठला न्याय. प्रश्न चांगला आहे, आणि तो पडलेली तू पहिली नाहीस. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनी यावर डोकं घातलंय.

मिशिगन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये मुलांना ठरावीक पॉइंट देऊन कोर्सवर बोली लावायला सांगत. ज्याला जास्त हवा तो जास्त बोलेल, अशी कल्पना. पण मुलं हुशार असतात. जो कोर्स आपल्याला सगळ्यात हवा आहे पण फारसं कुणी मागणार नाही, त्याच्यावर ती कमी पॉइंट लावतात, कारण तो स्वस्तात मिळेल. मग प्रणालीला वाटतं, हिला हा फारसा नकोच दिसतोय. तायफून सॉन्मेझ आणि उत्कू उन्वर यांनी २०१० मध्ये हा घोटाळा नीट मांडून दाखवला: आवड सांगायला आणि जागा मिळवायला एकच आकडा वापरला की दोन्ही बिघडतात.

हार्वर्ड बिझनेस स्कूलची तऱ्हा वेगळी. तिथे खेळात दोन कप्तान गडी निवडतात तसं. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक कोर्स घ्यायचा आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा. ऐकायला किती छान! पण एरिक बुडिश आणि एस्टेल कँटिलॉन यांनी तिथली माहिती तपासून २०१२ मध्ये दाखवलं की मुलं पहिल्या फेरीत आवडीचा नाही, लवकर संपणारा कोर्स उचलतात. सगळेच असं करतात, आणि शेवटी सगळ्यांचंच थोडंथोडं नुकसान होतं. तुझ्या ‘असू देत’ कोर्सांची आठवण होते की नाही? आणि तरीही, त्याच दोघांना असंही दिसलं की एकाने आपल्या पाळीत सगळेच कोर्स एकदम उचलायचे आणि मग पुढच्याने, यापेक्षा ही वाकडी पद्धत बरी.

‘पाळी आली की सगळं उचल’ ही पद्धत म्हणजे तुझे टाइम स्लॉट. त्यात एक गुण मात्र आहे. तिथे खोटं बोलून काही मिळत नाही, जे हवं तेच घ्यायचं. गंमत म्हणजे, खोटं बोलायला वाव नको आणि जागाही वाया जायला नकोत, असे दोन हट्ट एकदम धरले की गणित फिरून फिरून काही अटींखाली याच रांगेपाशी आणून सोडतं. म्हणून बुडिशने हट्ट जरा सैल केला. तुम्ही कोर्सना गुण द्या, कॉम्प्युटर प्रत्येकाला जवळजवळ सारखे खोटे पैसे देईल आणि प्रत्येक कोर्सची अशी किंमत शोधेल की मागणी जागांशी साधारण जुळेल. व्हार्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलने २०१३ पासून ही पद्धत वापरली. तिथे कितीही वेगाने क्लिक केलंत तरी फरक पडत नाही. स्लॉट नाही, मध्यरात्र नाही.

तुझ्या विद्यापीठात ती येईल तेव्हा येईल. तोवर जे आहे त्यात एवढं कर: स्लॉटच्या आदल्या रात्री कोर्सचे कोड, पहिल्या पसंतीच्या बॅचचा आणि निदान दोन पर्यायी बॅचचा, कागदावर लिहून समोर ठेव. पोर्टलमध्ये कार्ट असेल तर त्यात भरून ‘तपासा’ हे बटण दाबून बघ. पूर्वअटीची अडचण असेल तर ती तेव्हाच कळते, स्लॉटच्या पहिल्या मिनिटाला नाही. आणि सगळ्यात दुर्मिळ कोर्स आधी घे, सोपे नंतर. पाच कोर्स भराभर घेतले आणि सहाव्याला, ज्यासाठी आलो होतो त्यालाच, जागा संपली, हे फार जणांचं होतं. हार्वर्डची मुलं करतात ती लबाडी आणि ही यात फरक आहे. तुला तो कोर्स खरंच हवा आहे.

उद्या सकाळी लॅबपाशी जाशील तेव्हा दारावरच्या वेळापत्रकाबरोबर आतली मशिनंही मोज, बंद आणि चालू वेगवेगळी. २४च्या ऐवजी २५ निघाली, तर मला कळव.